माहिती निरंक आहे

पोलिसांवर आकड्यांचं ओझं झालंय म्हणे. तक्ते कमी करा, रकाने कमी करा, पोलिसाला लिहिण्यातून मोकळा करा, मग बघा तो कसा चोर पकडतो ते. साहेब लोक भाषणात बोलतात, पेपरवाले अग्रलेखात लिहितात आणि आपल्यातलीही शिकलेली पोरं माना डोलवतात.

ओझ्यावर बोलायचा हक्क मला आहे. मी गोदीत हमाली करतो. पन्नास किलोचं पोतं पाठीवर पडलं की ओझं म्हणजे काय ते मणका सांगतो, त्याला अग्रलेख लागत नाही. म्हणून दुसऱ्याच्या ओझ्याला मी हसणार नाही. पण गोदीतलंच आणखी एक सांगतो. धक्क्यावर टॅली क्लार्क उभा असतो. पोतं गेलं की तो रेघ मारतो. चार उभ्या, एक आडवी. संध्याकाळी रेघा कमी भरल्या तर मजुरी आमची कापली जाते, त्याची नाही. त्याचा हात दुखतो म्हणून उद्यापासून रेघा बंद, असं कुणी म्हणालं तर पहिली बोंब आम्ही मारू. कारण जे पोतं मोजलं नाही ते आम्ही उचललंच नाही असं ठरतं. पाठ मोडली तरी.

आधी पोलिसाची बाजू. ठाण्यात एक रायटर असतो. गुन्हा रजिस्टर त्याच्याकडे, अदखलपात्रचं रजिस्टर त्याच्याकडे, अकस्मात मृत्यू, मुद्देमाल, हरवलेली माणसं, समन्स-वॉरंट, सगळ्यात त्याची मान अडकलेली. तीच माहिती पुन्हा सीसीटीएनएसच्या संगणकात. २००९ साली केंद्रानं ती योजना मंजूर केली. एकदा भरा, सगळीकडे दिसेल, अशी कल्पना. संगणक आले, रजिस्टरं गेली नाहीत. वर एसपी ऑफिसचा तक्ता वेगळा, डीवायएसपीचा वेगळा, नागरी हक्क संरक्षण विभागाचा वेगळा. अधिवेशन लागलं की 'अतितातडीचा' वेगळा. आता व्हॉट्सॲपवरही मागतात. हा रायटर बऱ्याचदा आपल्यातलाच पोरगा असतो, राखीव जागेवर भरती झालेला. रात्री अकराला घरी जातो. त्याचं ओझं खोटं नाही.

आता दुसरी बाजू.

दोन वर्षांपूर्वी चुलत्याबरोबर नांदेड जिल्ह्यातल्या एका ठाण्यात गेलो. ठाण्याचं नाव लिहीत नाही. कुठलंही घाला, बसेल. चुलता गायरान कसतो. गावातल्यांनी त्याच्या उभ्या तुरीत जनावरं सोडली. विचारायला गेला तर चारचौघांत जात काढली, पाठीत काठी घातली. महिन्याची शेवटची तारीख होती.

"काय झालं मामा?"

चुलत्यानं सांगितलं.

"जातीवर गेले का?"

"गेले की साहेब. पारावर, समद्यांच्या म्होरं."

रायटरनं पेन खाली ठेवला. "हे बघा मामा, आज महिनाअखेर हाय. तक्ते चाललेत वर. ॲट्रॉसिटी लावली की डीवायएसपी साहेबांला बोलवावं लागतंय. समाजकल्याणला कागद, कलेक्टरला कागद, जातीचा दाखला, पंचनामा, साठ दिवसांत दोषारोपपत्र. तुमची तूर तर गेलीच. एन.सी. घेतो, त्यांला दम देतो."

"आन् काठी मारली ते?"

"लई लागली का?"

चुलता माझ्याकडं बघायला लागला. मी त्या रायटरच्या टेबलाकडं बघत होतो. समोर तक्ता पडला होता. 'अनुसूचित जातींवरील अत्याचार, माहे अखेर दाखल गुन्हे.' त्यापुढे त्यानं एक शब्द लिहिला. निरंक.

१९८९ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये पीक नासवणं हा अत्याचार आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं ते स्वच्छ लिहिलंय, २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कलम ४ मध्ये तक्रार न नोंदवणाऱ्या नोकरदारालाही शिक्षा आहे. हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पण चुलत्याला त्याच गावात झोपायचं होतं.

मी भांडलो नाही. त्याची लाज आजही आहे. ती बाजूला ठेवून हिशेब मांडतो. गुन्हा नोंदवला तर वीस कागद. नाही नोंदवला तर एक शब्द. आणि गुन्हे वाढले की क्राइम मीटिंगला साहेब विचारणार, तुझ्याच ठाण्यात का वाढले? निरंकला कुणी काही विचारत नाही. आता सांगा, दमलेला माणूस कोणता कागद उचलेल? म्हणून मी म्हणतो, ओझं आहे हे खरंच, पण ते ओझं तो स्वतः वाहत नाही. तो ते चुलत्याच्या डोक्यावर ठेवतो. ओझं खाली सरकतं, जसं ते ह्या देशात हजारो वर्षं सरकत आलंय.

आणि सरकून जिथं थांबलं ते गाव म्हणजे आपला मराठवाडा.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि आपली घरं पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ४ ऑगस्टला पोचीराम कांबळेंना मारलं. सुगावात जनार्दन मवाडेंना मारलं. ही दोन नावं आपल्याला पाठ आहेत कारण चळवळीनं ती पाठ करून घेतली. पण घरं किती जळाली? गावं किती? गाव सोडून किती माणसं पळाली? चार पुस्तकं उघडा, चार आकडे मिळतील. तेव्हा ॲट्रॉसिटीचा कायदा नव्हता. खून तो खून, जाळपोळ ती जाळपोळ. पुढे २५ नोव्हेंबर १९९३ ला गौतम वाघमारेंनी ह्याच नांदेडात स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. पेटवून घेतलेल्या माणसाला सरकारी तक्त्यात रकाना कोणता? आत्महत्येचा. कारण? 'इतर'.

आता अलीकडचं. १ जून २०२३. नांदेड शहराला लागून बोंढार हवेली. चोवीस वर्षांचा आपला पोरगा भोसकून मारला. त्याच एप्रिलमध्ये गावात पहिल्यांदा बाबासाहेबांची जयंती वाजतगाजत निघाली होती, तो राग होता, असं त्याच्या घरचे सांगत होते. खुनाचा गुन्हा लागला, ॲट्रॉसिटी लागली, आरोपी धरले. म्हणजे मोजला गेला. एक. पण त्याआधी ज्या वर्षी जयंती निघाली नाही, त्या वर्षाचा आकडा काय? खून व्हायच्या आधीचं जे सगळं असतं, डोळे वटारणं, वाजंत्री अडवणं, 'तुम्ही लई माजलात', ते ठाण्याच्या कागदावर आलं असतं तर हा पोरगा वाचला असता की नाही ते मी सांगू शकत नाही. पण कुणाच्या तरी टेबलावर इशारा पडून राहिला असता.

लातूरला तर ह्याची शाळाच आहे. निलंगा तालुक्यातली ताडमुगळी. फेब्रुवारी २०२२ मध्ये बातमी आली की आपल्या पोरांनी मारुतीच्या देवळात जाऊन नारळ फोडला म्हणून अख्ख्या वस्तीवर बहिष्कार. पोलीस गेले. दोन्ही बाजू बसवल्या. समेट झाला म्हणून सांगितलं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा आहे, २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. देशात असा पहिलाच म्हणून सरकारनं पाठ थोपटून घेतली होती. आणि गावात काय, तर समेट! समेट हा शब्द निरंकचा सख्खा भाऊ. शांतता समिती बसली, चहा झाला, फोटो झाला, आणि महिनाअखेरी जिल्हा शांत. मला कुणी विचारलं की लातूर-नांदेडात जातीचे गुन्हे कमी का, तर मी विचारीन, चहा किती कप झाला?

एफआयआर झालाच तरी मोजायची त्यांची रीत बघा. एका एफआयआरमध्ये दहा कलमं असली तरी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, त्यातला सगळ्यात मोठा गुन्हा धरतो आणि एक मोजतो. विहिरीवरून हुसकलं, घरात घुसून मारलं, गंजी जाळली, बाईच्या पदराला हात घातला. मोजणी एक. आणि कलमच लागलं नाही तर काहीच नाही. २९ सप्टेंबर २००६ ची खैरलांजी आठवा. २००८ च्या निकालात आठ जणांना दोषी धरलं, पण न्यायालयाला त्यात जात दिसली नाही. म्हणजे सगळ्या जगाला जी ॲट्रॉसिटी म्हणून ठाऊक आहे ती ॲट्रॉसिटीच्या शिक्षेच्या रकान्यात नाही.

तरी २०२२ सालचा देशाचा आकडा ५७,५८२ आहे. २०२३ चा ५७,७८९. एवढ्या निरंकांच्या चाळणीतून गळून उरलेला! आणि २०२३ चा अहवाल छापला कधी? २०२५ चा सप्टेंबर संपताना. दोन वर्षांची शिळी भाकर.

आता कुणी म्हणेल, आकड्यांनी काय होतंय गड्या, आकड्यानं भूक भागत नाही. मग हे ऐका. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं. त्या निकालात कशाचा आधार घेतला? एनसीआरबीच्या आकड्यांचा. २०१६ साली अनुसूचित जातींच्या ५,३४७ तक्रारी तपासात खोट्या निघाल्या, असं लिहिलं. खोट्या कुणी ठरवल्या? ज्या ठाण्यात चुलत्याला दम लागला त्याच जातीच्या ठाण्यांनी. आपल्याकडं तपास बंद करायच्या तीन समऱ्या आहेत. 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडेना. 'ब' म्हणजे तक्रारच खोटी. 'क' म्हणजे गैरसमज, दिवाणी भांडण वगैरे. साक्षीदार फुटला, फिर्यादी गाव सोडून पुण्याला वीटभट्टीवर गेला, की मार 'ब'. असल्या अक्षरांची बेरीज होत होत दिल्लीला जाते आणि निकालपत्रात 'दुरुपयोग' होऊन परत येते. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली, तेव्हा संसदेनं ऑगस्टमध्ये १८-अ कलम घातलं आणि १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयानंही आपले ते आदेश मागे घेतले. एका रायटरच्या पेनातल्या अक्षराची ही किंमत. आकडा आपण ठेवला नाही तर तो आपल्याविरुद्ध ठेवला जातो.

ओझं कमी करा म्हणणाऱ्यांना मी लंडनला नेतो. आपण पँथरचं नाव अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतलं, तेव्हा लंडनच्या काळ्या भावांची ही गोष्टही घेऊ. लंडनमध्ये २२ एप्रिल १९९३ ला स्टीफन लॉरेन्स नावाचा काळा पोरगा बसस्टॉपवर गोऱ्या पोरांनी भोसकून मारला. पोलिसांनी तपासाची माती केली. आईबाप सहा वर्षं लढले. १९९९ ला मॅकफर्सन चौकशीचा अहवाल आला आणि त्यानं पोलीस खात्यालाच वंशवादी म्हटलं. त्यातली एक शिफारस अशी, की रस्त्यात पोलिसानं कुणालाही अडवून जाब विचारला तर त्याची नोंद करायची, त्यात त्याचा वंश लिहायचा आणि नोंदीची प्रत त्याच्या हातात द्यायची. २००५ पासून ते देशभर सुरू झालं. आणि २००८ ला दुसरा अहवाल आला, फ्लॅनगन साहेबांचा. पोलिसांवर कागदांचं ओझं फार झालं! पहिला फॉर्म कोणता कापायला निघाले? तोच. २०११ ला नुसतं अडवून विचारण्याची सक्तीची नोंद देशभरातून गेली. झडतीची तेवढी राहिली. हजार फॉर्म असतील त्या खात्यात, पण काळ्या पोराच्या आईबापांनी मिळवलेला कागद आधी गेला. योगायोग म्हणायचा का?

आपल्याकडं कापायची रीत अजून मजेशीर. एनसीआरबीनं २०१७ सालासाठी जमावानं ठेचून मारण्याचे, खाप पंचायतींनी केलेल्या खुनांचे आकडे ठाण्याठाण्यांतून मागवले. हवालदारांनी रात्री जागून भरून दिले. आणि अहवालात छापलेच नाहीत. संसदेत उत्तर मिळालं की व्याख्या नीट नव्हती, माहिती भरवशाची नव्हती. म्हणजे ओझं वाहून घेतलं आणि माल समुद्रात फेकला. तेव्हा पोलिसाच्या पाठीचा कळवळा कुणाला आला नाही.

आणि एक रजिस्टर असं आहे की ज्याचं ओझं ह्या खात्याला दीडशे वर्षांत कधी झालं नाही. १८७१ ला इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला. पारधी अजून गेला का त्या यादीतून? चोरी झाली की पहिली धाड पालावर. हिस्ट्रीशीट उघडायला संगणक बंद नसतो, महिनाअखेर आडवी येत नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच सांगावं लागलं की मागास आणि विमुक्त जमातींच्या माणसांच्या नोंदी पूर्वग्रहातून होतात, राज्यांनी आपल्या पद्धती तपासाव्यात. आपण आरोपी असलो की रजिस्टर जाडजूड. आपण फिर्यादी असलो की रजिस्टरचं ओझं.

उत्तर प्रदेशानं २०२५ च्या सप्टेंबरात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर एफआयआर आणि अटकेच्या कागदांतून जात काढायचा आदेश काढला, ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यांना वगळून. आपली काही पोरं खूश झाली, जातिअंत झाला म्हणून. अरे, आरोपीच्या नावापुढची जात काढा, जरूर काढा, पारध्याच्या पोराला त्याचा फायदा आहे. पण मार खाणाऱ्याची जात कुणी सांगायची? ॲट्रॉसिटी लावायची की नाही हे ठरवणारा तोच रायटर, तोच महिनाअखेर. त्यानं नाही लावली तर त्या कागदावर जातच नाही. मग उद्या कुणी संशोधक जाऊन बघेल तर त्याला नुसती मारामारी दिसेल. माणसांची भांडणं. देशात जात कुठंच नाही!

मग ओझं कमी करायचं कसं? करा ना, आम्ही कुठं नको म्हणतो. एकच माहिती पाच साहेबांना पाच तक्त्यांत द्यायची ती बंद करा. संगणकात एकदा भरलं की एसपीनं आपल्या खुर्चीत बसून काढून घ्यावं, त्यालाही बोटं आहेत. प्रत्येक ठाण्याला लिहिणारा वेगळा माणूस द्या, भरती करा, आमची पोरं मैदानावर धावून धावून मरायली आहेत. गुन्हे वाढले म्हणून ठाणेदाराला झापणं बंद करा, निरंक आलं की झापा. ज्या ठाण्यात वर्षभर निरंक, तिथं वर्षअखेरी कुणीतरी वस्तीत जाऊन विचारलं पाहिजे, की बाबांनो खरंच का? आणि ठाणेनिहाय आकडे भिंतीवर लावा, दर महिन्याला, मराठीत. तुमचं ओझं आम्ही वाचून हलकं करू. पण जातीच्या रकान्याला हात लावायचा नाही.

ते करतील याची वाट बघत बसू नका. १९९५ च्या नियमांत लिहिलंय की जिल्हाधिकाऱ्यानं दाखल गुन्ह्यांचा आढावा घेऊन पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत सरकारला अहवाल पाठवायचा. जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी घ्यायची. मुख्यमंत्र्याच्या अध्यक्षतेखालची समिती वर्षातून दोनदा बसवायची. हे कागद आपले आहेत. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागा. गेल्या तीन वर्षांचे मासिक अहवाल. बैठकांची इतिवृत्तं. ठाणेनिहाय दाखल गुन्हे, 'ब' समऱ्या, 'क' समऱ्या. आणि त्या ठाण्याच्या एन.सी. रजिस्टरात आपल्या वस्त्यांतली किती नावं आहेत तेही. खरा माल त्या एन.सी.त गाडलेला आहे.

आणि वस्तीगणिक एक वही ठेवा. शाळेची, शंभर पानी. तारीख, गाव, काय झालं, ठाण्यात गेलो का, ठाणं काय म्हणालं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं दुसऱ्यानं लिहावं. कविता नंतर लिहू. मीही नंतर लिहीन.

चुलत्याच्या एन.सी.चा नंबर माझ्याकडे आहे. तो म्हणाला, लिहायचं तर माझं नाव नको लिहू, बाकी लिही. पहिला अर्ज मी त्याच ठाण्यात टाकलाय, गेल्या सोमवारी, पोच घेतली आहे. तीस दिवसांची मुदत असते. उत्तर आलं तर पुढच्या अंकात छापू, नाही आलं तर पोच छापू.